मारिएन्थाल : गिरणी गेल्यावर गावात काय उरते

बेरोजगारी म्हणजे उत्पन्न बंद होणे, आणि उत्पन्नाची सोय लावली की प्रश्नाचा मोठा भाग सुटला, असे सरकारे आणि राजकीय पक्ष बहुधा गृहीत धरून चालतात. थेट बँक खात्यात पैसे जमा करणाऱ्या योजनांना सर्वत्र जी पसंती मिळते आहे, तिच्यामागेही बव्हंशी हेच गृहीत आहे. ते चुकीचे म्हणता येणार नाही. पण ते अपुरे आहे, आणि किती अपुरे आहे याचा सज्जड पुरावा ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या छोट्याशा गिरणीवस्तीने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी दिला आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव परिचित असते. सार्वजनिक चर्चेत मात्र ते क्वचितच येते, आणि आले तरी एखाद्या करुण कथेसारखे येते. माझ्या मते मारिएन्थालचा अनुभव हा धोरणाविषयीचा युक्तिवाद आहे, आणि तो तसाच तपासून पाहिला पाहिजे.

व्हिएन्नाच्या आग्नेयेला, रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, फिशा नदीच्या सपाट प्रदेशात ग्रामाटनॉयसीडल हे शेतकऱ्यांचे जुने गाव आहे. 1830 च्या सुमारास हेरमान टोडेस्को या उद्योजकाने तेथे आपला कापडधंदा उभारला. सुरुवात जवसाच्या सुताने झाली. पुढे कापूस आला, सूतकताईच्या जोडीला विणकाम, ब्लीचिंग आणि छपाईची खाती आली, आणि गिरणीभोवती कामगारांसाठी बैठ्या घरांच्या लांबच लांब ओळी उभ्या राहिल्या. या वस्तीचे नाव मारिएन्थाल. शेजारचे गाव शेतीवर जगत होते आणि ही वस्ती भोंग्यावर. मालकी बदलत गेली, आणि 1920 च्या दशकात गिरणी माउटनर यांच्या मोठ्या कापड उद्योगसमूहात सामील झाली. याच काळात वस्तीचे सामाजिक जीवन भरास आले होते. कामगारांचे वाचनालय होते, नाटक, गाणे, खेळ आणि सायकल यांची मंडळे होती, लहान मुलांसाठी माँटेसरी पद्धतीची बालवाडी होती, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची बळकट शाखा होती. कामाचे तास संपले की माणसे घरी न जाता मंडळात जात, अशी ही वस्ती होती.

1929 च्या उन्हाळ्यात गिरणीचे एकेक खाते बंद होऊ लागले. आधी सूतकताई थांबली, मग छपाई, मग ब्लीचिंग, आणि फेब्रुवारी 1930 मध्ये शेवटचे साचेही थांबले. थोड्याच दिवसांत इमारती पाडण्याचे काम सुरू झाले, त्यामुळे आज ना उद्या भोंगा पुन्हा वाजेल या आशेलाही फारशी जागा राहिली नाही. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, 1931-32 च्या हिवाळ्यात, व्हिएन्नाहून तरुण संशोधकांचा एक गट येथे आला, तेव्हा वस्तीत 478 कुटुंबे आणि 1,486 माणसे होती, आणि सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबांचा गाडा बेकारभत्त्यावर चालला होता. अख्खे गावच बेकार, अशी स्थिती तत्कालीन युरोपातही सहसा आढळणारी नव्हती.

या गटाचे प्रमुख पाउल लाझर्सफेल्ड त्या वेळी तिशीचे होते, मारी याहोडा आणि हान्स झायझेल त्याहून लहान. लाझर्सफेल्ड यांना खरे तर कामगारांच्या फुरसतीच्या वेळेचा अभ्यास करायचा होता. देशभर लोकांच्या नोकऱ्या जात असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असे समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी सुनावले आणि विषय बदलला. योगायोगाचा भाग असा की अभ्यास झाला तो शेवटी फुरसतीचाच: माणसाच्या हाती सगळा दिवस रिकामा दिला तर तो त्याचे काय करतो, याचा.

अभ्यासाची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. गावात वही घेऊन नुसते निरीक्षण करत कोणी फिरायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असे काही काम करतच माहिती मिळवायची, असा दंडक या मंडळींनी स्वतःला घालून घेतला होता. व्हिएन्नात वापरलेले कपडे गोळा करून ते मारिएन्थालमध्ये वाटण्यात आले आणि त्या निमित्ताने घराघरांत प्रवेश मिळाला. डॉक्टरांचा मोफत सल्ला, कपडे बेतण्याचा वर्ग, मुलींसाठी व्यायामाचा वर्ग सुरू झाला. दुसरीकडे घरोघरच्या जेवणाच्या नोंदी, दिवसभराच्या वेळेचे तक्ते, वाचनालयाची नोंदवही, मंडळांच्या सभासदांच्या याद्या, शाळकरी मुलांचे निबंध असे मिळेल ते सारे गोळा होत गेले. गरिबांचा अभ्यास करताना गरिबांना काय मिळाले, हा प्रश्न आपल्याकडच्या सर्वेक्षणांना आजही क्वचितच विचारला जातो, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

आता निष्कर्षांकडे. वाचनालयाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 1929 ते 1931 या काळात तेथून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. पुस्तके महाग झाली म्हणून हे घडले नव्हते. उलट पूर्वी घेतले जाणारे शुल्कही या काळात माफ झाले होते. पुस्तक फुकट होते, वाचायला वेळ मुबलक होता, आणि वाचन अर्ध्यावर आले. पक्षाचे मुखपत्र असलेल्या दैनिकाचे वर्गणीदार बेकारांना सवलत असूनही याहून वेगाने घटले, तर हलक्याफुलक्या मजकुराच्या स्वस्त वर्तमानपत्राची घट बरीच कमी होती. मंडळांतून माणसे गळत गेली, आणि टिकली ती प्रामुख्याने ज्यांच्या सभासदत्वातून थोडाफार आर्थिक लाभ होता अशी मंडळे. जुन्या वाड्याभोवतीचे उद्यान हे पूर्वी मारिएन्थालकरांच्या अभिमानाचा विषय होते. रविवारी माणसे तेथील बाकांवर बसत, कापूनकोरून ठेवलेल्या झुडपांमधून हिंडत. तेथे आता रान माजले होते. शेकडो धडधाकट माणसे दिवसभर मोकळी होती आणि एका उद्यानातले तण काढायला हात नव्हते.

हे आळसाचे लक्षण आहे असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. ती समजूत संशोधकांच्या एका साध्या निरीक्षणापुढे टिकत नाही. वस्तीच्या मुख्य रस्त्याचा सुमारे 300 मीटरचा तुकडा त्यांनी निवडला आणि तेथून जाणारी माणसे कशी चालतात याची आडून नोंद घेतली. पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जण एवढ्याशा अंतरात किमान दोनदा थांबले. न थांबता शेवटपर्यंत गेलेला पुरुष दहांत एखादाच. बायका मात्र भराभर जात होत्या, कारण गिरणी बंद पडली तरी चूल, धुणे, शिवण आणि मुले त्यांना सुटलेली नव्हती, किंबहुना अपुऱ्या पैशांत भागवायचे असल्यामुळे ही कामे वाढलीच होती. गाव तेच होते, हलाखीही तीच होती. पण ज्यांच्या दिवसाला कामाचा कणा उरला होता त्यांची चाल शाबूत होती, आणि ज्यांच्या दिवसाला तो उरला नव्हता त्यांची पावले जडावली होती. वेळेच्या तक्त्यांतही पुरुषांना सकाळ आणि दुपार यांच्या मध्ये काय केले ते धड आठवत नव्हते. येथे एक इशारा द्यायला हवा. घरकामाने बायका सावरल्या, असा गोड निष्कर्ष यातून काढू नये. त्यांच्यातल्या अनेकींना गिरणीतच परत जायचे होते, आणि ते केवळ पैशांसाठी नव्हे. गिरणीत चार माणसांत वावरता येत होते, असे त्या सांगत होत्या.

येथपर्यंतचे वाचून कोणी म्हणेल की मग पैसा गौण आहे, माणसाला काम हवे. हा निष्कर्ष सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो काढताना सावध राहिले पाहिजे, कारण मारिएन्थालचेच आकडे त्याला आड येतात. संशोधकांनी शंभर कुटुंबांचे बारकाईने निरीक्षण करून त्यांची मनःस्थिती चार प्रकारांत मांडली: न खचलेली, जे आहे ते निमूट स्वीकारलेली, हताश झालेली, आणि ज्यांना कशाचेच काही वाटेनासे झाले होते अशी. मग घरातील माणसांचा हिशेब लावून दरडोई मासिक उत्पन्न काढले. पहिल्या प्रकारात ते सरासरी 34 शिलिंग निघाले, दुसऱ्यात 30, तिसऱ्यात 25 आणि चौथ्यात 19. म्हणजे मन खचण्याची पायरी आणि भत्ता घटण्याची पायरी एकमेकींना धरून होत्या. पाचेक शिलिंगांच्या फरकाचा अर्थ काय, तर कॉफीत साखर घालायची की सॅकरिन, मुलाचे बूट दुरुस्त करायचे की बुटांअभावी त्याला घरी ठेवायचे. मांस असलेच तर रविवारी. पाळलेले कुत्रे किंवा मांजर नाहीसे झाले तर त्याची तक्रारही कोणी करत नव्हते, ते कोठे गेले हे सगळ्यांना ठाऊक होते. नाताळला काय हवे यावर मुलांकडून निबंध लिहून घेतले, तर मारिएन्थालच्या मुलांच्या इच्छांची किंमत सरासरी 12 शिलिंग निघाली आणि आसपासच्या गावांतील मुलांच्या इच्छांची 36. ज्यांना ‘पैशाने काय होते’ असे बोलण्याची सवय आहे त्यांनी हे आकडे समोर ठेवून बोलावे.

तेव्हा प्रश्न पैसा की काम असा नाहीच. तो वेगळा आहे: पैसा कोणत्या अटीवर दिला जातो, आणि त्या अटीमुळे माणसाचे गावाशी असलेले नाते जोडले जाते की तुटते. मारिएन्थालमधील भत्त्याची व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. काही आठवडे बेकारभत्ता, त्यानंतर काही काळ त्याहून कमी आपत्कालीन साहाय्य, आणि तेही संपले की काहीच नाही, अशी ती उतरंड होती. आणि या सर्व काळात भत्ता घेणाऱ्याने कोठलेही काम करायचे नाही, अशी सक्त अट होती. जळणासाठी लाकूड मिळेल म्हणून झाडे तोडायला मदत करणाऱ्याचा भत्ता बंद झाला. दूध पोचवून मुलांसाठी थोडे दूध मिळवणाऱ्या बाईचा बंद झाला. हार्मोनिका वाजवून चार पैसे कमावणाऱ्याचाही बंद झाला. म्हणजे ज्या हालचालींतून माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, नेमक्या त्याच हालचाली गुन्हा ठरल्या. याचा पुढचा परिणाम अटळ होता. शेजारी चोरून काम करतो अशा निनावी तक्रारी अधिकाऱ्यांकडे येऊ लागल्या. दोन-तीन वर्षांत त्या सुमारे तिप्पट झाल्या, आणि चौकशीअंती त्यांतल्या बहुतेक खोट्या निघू लागल्या. एकेकाळी एकत्र नाटके बसवणारी माणसे एकमेकांवर पाळत ठेवू लागली होती. हे दारिद्र्याने घडवले, असे म्हणून मोकळे होता येत नाही. ते एका सरकारी नियमाने घडवले होते, आणि नियम कोणीतरी लिहिलेला असतो.

या अभ्यासाचे निष्कर्ष राजकीयदृष्ट्याही अनेकांच्या पचनी पडणारे नव्हते. बेकारीने पिचलेला कामगार बंड करून उठेल, अशी डाव्या गोटात अपेक्षा होती. मारिएन्थालने दाखवले ते उलटेच: माणसे पेटली नाहीत, थकली. संशोधक स्वतः समाजवादी असूनही त्यांनी हे लपवले नाही, याचे मला विशेष मोल वाटते. 1933 मध्ये अभ्यास लाइपझिगहून प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकांची ज्यू वळणाची नावे मुखपृष्ठावरून गाळली गेली होती, यावरून तो काळ कोठे चालला होता ते कळते. लाझर्सफेल्ड त्याच वर्षी अमेरिकेला गेले. याहोडा यांना 1936 मध्ये ऑस्ट्रियातील हुकूमशाही राजवटीने तुरुंगात टाकले आणि देश सोडण्याच्या अटीवर सोडले. झायझेल 1938 मध्ये बाहेर पडले.

याहोडा यांनी पुढे ब्रिटनमध्ये या अनुभवाचा विचार अनेक वर्षे केला आणि त्याला नेमकी मांडणी दिली. नोकरी पगार देते हे उघड आहे. पण त्याबरोबर ती न मागता आणखी काही देते, असे त्यांचे म्हणणे. दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी नियमित संबंध, एकट्याच्या आवाक्यापलीकडच्या उद्दिष्टात वाटा, समाजात ओळख आणि स्थान, आणि हातपाय हलवण्याची सक्ती. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. गिरणीतले काम हे काही आनंदाचे धाम नव्हते. कर्णकर्कश आवाज, कोंदट हवा आणि मुकादमाचा धाक यांचे उदात्तीकरण कशाला? मला वाटते, याहोडा यांचे उत्तर येथे पुरेसे आहे: वाईट कामातूनही या गोष्टी मिळतात, म्हणूनच वाईट काम सुधारायचे असते, ते काढून घेऊन त्या जागी पोकळी ठेवायची नसते. वाचनालय, नाटक, बालवाडी यांतले काही गिरणीने सुरू केलेले नव्हते. पण ते सारे उभे होते ते भोंग्याने बांधून दिलेल्या वेळेवर, आठवड्याच्या पगारातून निघणाऱ्या वर्गणीवर आणि एकाच खात्यात काम करणाऱ्यांच्या ओळखीवर. खालचे जोते गेले तेव्हा वरचे मजले आपोआप गेले.

विशेष म्हणजे हा युक्तिवाद कागदावर राहिलेला नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ऑस्ट्रियाच्या सार्वजनिक रोजगार सेवेच्या लोअर ऑस्ट्रिया शाखेने त्याच ग्रामाटनॉयसीडलमध्ये कामाची हमी देणारा प्रयोग सुरू केला. गावातील प्रत्येक दीर्घकाळ बेकार व्यक्तीला आधी काही आठवड्यांचे प्रशिक्षण आणि समुपदेशन, आणि त्यानंतर उद्योगातील सामूहिक कराराप्रमाणे वेतन असलेली नोकरी: खासगी क्षेत्रात अनुदानातून, किंवा ते न जमल्यास गावासाठीच निर्माण केलेल्या कामात. बागकाम, सुतारकी, जुन्या वस्तूंची दुरुस्ती, इमारतींचे नूतनीकरण अशी ही कामे होती. सहभाग ऐच्छिक होता. नकार देणाऱ्याचा भत्ता जात नव्हता, आणि जवळजवळ कोणीच नकार दिला नाही. मूल्यमापनात ऑक्सफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी सहभागींची आपापसांत आणि तशाच इतर गावांतील बेकारांशी तुलना केली. गावातील दीर्घकालीन बेरोजगारी जवळपास नाहीशी झाली. दिवसाची आखणी, लोकांशी संपर्क, आपण उपयोगी आहोत ही भावना, म्हणजे याहोडा यांच्या यादीतल्याच गोष्टी, लक्षणीय प्रमाणात सुधारल्या. शारीरिक आरोग्यात मात्र तसा फरक दिसला नाही. प्रयोगासाठी सुमारे 74 लाख युरोंची तरतूद होती, आणि दरडोई वार्षिक खर्च एका बेकार माणसावर सरकारला एरवीही जो भार सोसावा लागतो त्याच्या आसपासच राहिला. मार्च 2024 मध्ये प्रयोग संपला.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे थांबणे भाग आहे, कारण कामाची हमी ही कल्पना कायद्यात आणणाऱ्या राज्याचे आपण नागरिक आहोत. वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेली आणि 1972 च्या दुष्काळात पसरलेली रोजगार हमी योजना 1977 च्या कायद्याने हक्क बनली, आणि 2005 चा देशव्यापी कायदा तिच्याच वाटेने आला. पण आपली हमी ग्रामीण अंगमेहनतीपुरती राहिली. ती दुष्काळावरचे उत्तर म्हणून जन्मली, म्हणून तिने बंधारे, पाझर तलाव आणि रस्ते यांची कामे पाहिली. कारखाना बंद पडल्यावर उजाड होणारी वस्ती तिच्या कक्षेत आलीच नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईचे गिरणगाव ज्या रीतीने विरत गेले, त्याची चर्चा आपण जमीन, घरे आणि थकलेली देणी यांच्या भाषेत केली, आणि ती आवश्यकच होती. परंतु भजनी मंडळे, व्यायामशाळा, कामगार रंगभूमी आणि गावकीच्या खोल्या कशाच्या आधारावर उभ्या होत्या आणि तो आधार गेल्यावर त्यांचे काय करायचे, हा प्रश्न एकाही सरकारी समितीच्या मेजावर गंभीरपणे ठेवला गेल्याचे मला दिसत नाही.

हमीच्या विरोधात सर्वांत वजनदार मुद्दा सक्तीचा आहे. काम देणारे सरकार उद्या काम लादणारे सरकारही होऊ शकते. भत्ता हवा तर रस्ता झाडा, असे म्हणणारी धोरणे अनेक देशांत येऊन गेली आहेत. ग्रामाटनॉयसीडलच्या प्रयोगातील ऐच्छिकपणा म्हणूनच तपशिलाची बाब नाही. तो काढला तर उरते ती वेठबिगारी. दुसरा मुद्दा प्रमाणाचा. काही हजार वस्तीच्या गावात शंभर-सव्वाशे माणसांसाठी त्यांच्या कुवतीचे काम शोधणे आणि महानगरात लाखोंसाठी शोधणे यांत फरक आहे, हे मान्यच करायला हवे. मात्र याचा अर्थ हमी अशक्य आहे असा होत नाही. काम राजधानीतून न ठरवता वस्तीनेच ठरवावे, कारण कोणते उद्यान उजाड पडले आहे हे वस्तीलाच ठाऊक असते, असा त्याचा अर्थ होतो.

माझा खरा मतभेद वेळेविषयी आहे. ऑस्ट्रियातील हमी माणूस दीर्घकाळ बेकार राहिल्यानंतरच लागू होत होती, आणि तिजोरीच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे: बरेच जण त्याआधी स्वतःच काम शोधतात. पण 34, 30, 25 आणि 19 शिलिंगांची ती उतरंड काळाचीही उतरंड आहे, कारण भत्त्याची मुदत सरेल तसे कुटुंब एकेक पायरी खाली येत होते. एकेकटा माणूस नोकरी गमावतो तेव्हा वर्षभर वाट पाहणे कदाचित चालून जाईल. अख्खी गिरणी, अख्खा साखर कारखाना किंवा अख्खी औद्योगिक वसाहत बंद होते तेव्हा मात्र वाट पाहण्याच्या त्या वर्षातच मंडळे मोडतात, वर्गण्या थकतात आणि शेजारी एकमेकांविरुद्ध अर्ज करू लागतात. मग हमीने नोकरी परत देता येते, मंडळ परत देता येत नाही. म्हणून एका वस्तीतील मोठा रोजगारदाता बंद होत असेल, तर त्या वस्तीपुरती कामाची हमी पहिले खाते बंद होण्याच्या दिवशीच लागू व्हावी, आणि तिचा काही भार टाळे लावणाऱ्या मालकाच्या देण्यांत कायद्याने धरला जावा. मारिएन्थालमध्ये पहिले खाते बंद होण्यापासून शेवटचा साचा थांबेपर्यंत अर्ध्या वर्षाहून अधिक काळ गेला होता. तेवढ्या अवधीत योजना आखता येते.